नाव आपलं, फलाट दुसऱ्याचा

आमच्या बेलापूरचं नशीबच असं, की गावाचं नाव नेहमी दुसऱ्याच्या गावात नांदतं. बेलापूर नावाचं रेल्वे स्टेशन आहे, ते श्रीरामपूर शहरात. बेलापूर कंपनी नावाचा साखर कारखाना निघाला, तो हरेगावला. आणि मुंबईकडच्या माणसाला नुसतं 'बेलापूर' म्हटलं, की त्याच्या डोळ्यांपुढे नवी मुंबईतल्या काचेच्या इमारती उभ्या राहतात. मग आम्ही "ते नव्हे हो, नगर जिल्ह्यातलं, प्रवरेच्या काठचं," असं सांगेपर्यंत समोरचा माणूस हवापाण्याच्या विषयावर गेलेला असतो. सांगायचा मुद्दा असा, की नाव आपलं आणि फलाट दुसऱ्याचा, हे दुःख आम्हाला पाळण्यातच कळतं. म्हणूनच कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या धंद्याबद्दल बोलायचा अधिकार बेलापूरच्या माणसाइतका दुसऱ्या कुणालाही नाही, असं माझं नम्र पण ठाम मत आहे.

होय, मी खेळतो. वय वर्षे अठ्ठावन्न. मोबाईलवर बोट घासून फोडायचे रंगीत गोळे नव्हेत. टेबलावरचा कॉम्प्युटर, त्यात वेगळं बसवलेलं ग्राफिक्स कार्ड, डाव्या हाताखाली कीबोर्ड आणि उजव्या हातात माउस, असा साग्रसंगीत खेळ. या वयात माणसाने सकाळी नदीकडे फिरायला जावं, दुपारी पेपर वाचावा आणि संध्याकाळी दुसऱ्यांच्या मुलांची लग्नं जमवावीत, अशी समाजाची अपेक्षा असते. मी संध्याकाळी ड्रॅगन मारतो.

"अहो, मेला असेल तर जेवायला या," अशी हाक स्वयंपाकघरातून येते.

"थोडा जिवंत आहे अजून."

"मग त्याला म्हणावं उद्या ये. भाकरी गार होतेय."

आमचे शेजारी भाऊसाहेब हे निवृत्त तलाठी. निवृत्त झाले ते नोकरीतून. दप्तर अजून डोक्यातच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा संसदेत मंजूर झाला, तेव्हा ते पेपर घेऊनच आमच्या ओट्यावर आले. "बंद झालं म्हणे तुमचं!" मी त्यांना समजावलं, की ती बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे, ई-स्पोर्ट्सला तर त्याच कायद्याने उत्तेजन द्यायचं ठरवलंय.

"म्हणजे तुम्ही पैसे लावत नाही?"

"नाही."

"मग जिंकल्यावर काय मिळतं?"

"काही नाही."

"मग खेळता कशाला?"

माणूस जगतो कशाला, या प्रश्नाइतकाच हा प्रश्न अवघड असल्याने मी चहा मागवला.

आता फलाटाकडे वळू. या धंद्यात 'प्लॅटफॉर्म' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. पहिला अर्थ यंत्राचा. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स घेणं म्हणजे भाड्याच्या घरात राहणं. घर नीटनेटकं, पाणी चोवीस तास, पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही. शिवाय बहुतेक विकत घेतलेले खेळ मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे, तर त्याची वर्गणी निराळी. कॉम्प्युटर म्हणजे स्वतःचं घर. गळेल, पण आपल्या कौलातून गळेल. आज रॅम वाढवा, दोन वर्षांनी कार्ड बदला, उन्हाळ्यात डबा उघडून पंख्यातली धूळ पुसा. माझा स्क्रूड्रायव्हर देवघरातल्या उदबत्तीच्या घराशेजारी असतो, यावरून काय ते समजा.

दुसरा अर्थ दुकानाचा. स्टीम, एपिक आणि जीओजी ही त्यांतली मोठी नावं. स्टीम हे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं दुकान २००३ साली उघडलं. पुढच्याच वर्षी 'हाफ लाइफ २' हा खेळ आला. तो दुकानातून खोक्यासकट विकत आणला, तरी स्टीमवर नाव नोंदवल्याशिवाय चालू होईना. तिथे खरा फलाट बदलला. लोकांच्या मात्र ते गाडी बरीच पुढे गेल्यावर लक्षात आलं. २०१५ पासून तिथे रुपयांत भाव दिसू लागले आणि आपण त्यांना आपलेच मानायला लागलो. सेल लागला की गेमर खेळ घेतो, तसा दुसरा घेतो, आणि मग तिसरा खेळतो, जो त्याने चार वर्षांपूर्वीच घेतलेला असतो. दिवाळीला घेतलेली स्टीलची पातेली माळ्यावर ठेवून रोजच्या पोचे पडलेल्या पातेल्यात आमटी करणाऱ्या तमाम गृहिणींना ही मनोवृत्ती वेगळी समजावून सांगायला नको.

दुकान म्हटलं की अडत आली. स्टीमचा रिवाज साधारण शंभरातले तीस स्वतःकडे ठेवण्याचा. विक्री कोटीकोटी डॉलरच्या घरात गेली, तरच तो कमी होतो. २०१८ च्या डिसेंबरात एपिकने दुकान उघडलं आणि "आम्ही बाराच घेऊ" अशी दवंडी पिटली. वर गिऱ्हाइकांना फुकट खेळ वाटायला सुरुवात केली. हे मी भाऊसाहेबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच सरसावून बसले. अडत शेतकऱ्याकडून घ्यायची की व्यापाऱ्याकडून, यावरून २०१६ साली महाराष्ट्रातल्या बाजार समित्या बंद पडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या.

"तीस टक्के? आणि माल नासका निघाला तर?"

"आडत्याचं काही जात नाही."

"मग आपलंच आहे की हे!" भाऊसाहेब म्हणाले. त्या दिवसापासून या धंद्याकडे ते जरा आपुलकीने पाहू लागले.

पण त्यांचा खरा प्रश्न यायचा होता. एकदा माझ्या खात्यातले एकशे त्रेचाळीस खेळ मी त्यांना पडद्यावर अभिमानाने दाखवले. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर?"

खेळांना सातबारा नसतो. करारनामा असतो, आणि तो वाचायचा नसतो. खाली जाऊन 'मान्य आहे' म्हणायचं असतं. भाऊसाहेबांनी मात्र तो माझ्या मुलीकडून फोनवर समजावून घेतला आणि निकाल दिला : "कब्जेदार दुकानदार. तुम्ही कूळ. तेसुद्धा बिनमुदतीचं नव्हे, त्याची मर्जी असेल तोवरचं."

हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. 'द क्रू' नावाचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ साली काढला. अख्खी अमेरिका लहान करून त्यात बसवली होती. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने त्याचा सर्व्हर बंद केला आणि पैसे मोजून घेतलेला खेळ कुणालाच चालवता येईना, एकट्याने खेळणाऱ्यालाही. ३१ मार्चला आपल्या पतसंस्था हिशेब बंद करतात. त्यांनी अमेरिका बंद केली. आणि योगायोग पाहा, दुसऱ्या दिवशी १ एप्रिल. १९५७ साली याच तारखेला आपल्याकडे कूळकायद्याने कुळं जमिनीची मालक मानली गेली. कसेल त्याची जमीन! मग खेळेल त्याचा खेळ का नको? रॉस स्कॉट नावाच्या एका गड्याने नेमकी हीच चळवळ २०२४ मध्ये सुरू केली. 'खेळ मारू नका' एवढीच तिची मागणी. २०२५ च्या जुलैपर्यंत युरोपातल्या दहा लाखांवर लोकांनी तिच्या अर्जावर सह्या केल्या. तिकडे कॅलिफोर्नियानेही कायदा केला, की नुसता परवाना देत असाल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' म्हणू नका. तो १ जानेवारी २०२५ ला लागू व्हायच्या आधीच स्टीमने पैसे भरायच्या पानावर तशी सूचना लावून टाकली. म्हणजे वीस वर्षांनी का होईना, फलाटावर पाटी लागली : हा फलाट आपला नाही.

त्यातल्या त्यात पोलंडचं जीओजी २००८ पासून खेळाची फाईल बिनकुलपाची हातात देतं. कायद्याने तोही परवानाच. पण धान्य आपल्या कणगीत असलं की झोप बरी लागते.

प्रकाशकांबद्दल मी फार बोलणार नाही, कारण रक्तदाब. २००६ साली एका प्रकाशकाने 'ऑब्लिव्हियन' या खेळातल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढलं. किंमत अडीच डॉलर. घोडा खोटा, चिलखत खोटं, डॉलर तेवढे खरे. लोक हसले, आणि विकत घेतलं. त्या दिवसापासून सगळ्या धंद्याने घोडे पाळले. उलट २०२४ मध्ये सोनीने कित्येक वर्षं खपून 'कॉन्कॉर्ड' नावाचा खेळ २३ ऑगस्टला बाजारात आणला आणि ६ सप्टेंबरला गुंडाळून लोकांचे पैसे परत केले. आमच्याकडे गणपतीचा मांडवसुद्धा याहून जास्त दिवस उभा असतो.

अशा वेळी मला आमच्या भागाचं कौतुक वाटतं. बेलापूर कंपनीचा कारखाना खाजगी होता. पुढे १९५० साली इथून जवळच, प्रवरेला, शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी कारखाना सुरू झाला. ऊस घालणारा तोच कारखान्याचा भागधारक, हा विचार ज्या मुलखात रुजला, त्या मुलखातला मी माणूस. सभासदाला दिवाळीला साखर मिळते. आम्ही गेमर इतकी वर्षं या कारखान्यांना ऊस घालतोय. कुणी कधी पावशेर साखर दिली?

पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा सुरेख खेळ केला. आपल्या देवळांसारखी देवळं, आपले देव, आणि हरवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी. जगातल्या मोठ्या पुरस्कारात पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळालं. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी आला कुठे? निन्टेन्डोच्या यंत्रावर, म्हणजे जपानी फलाटावर. नाव आपलं... जाऊ द्या.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने का सांगतोय? गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली. घरी आल्यावर माणूस कागदपत्रं आवरायला घेतो. घर, विहिरीतला हिस्सा, पतसंस्थेतली ठेव, सगळ्यांवर नाव घातलं. नातू सात वर्षांचा आहे. म्हटलं, खेळ त्याच्या नावावर करू. ज्या दुकानात माझं खातं आहे, त्याचा करार म्हणतो की खातं दुसऱ्याच्या नावे होत नाही; वारसाच्याही नाही. माझ्याबरोबर ते एकशे त्रेचाळीस खेळ सती जाणार. भाऊसाहेबांच्या सबंध नोकरीत त्यांनी असा वारसा पाहिला नव्हता.

मग माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर आठवला. त्यात 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आहे. साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची. खेळ १९८९ चा. त्याची फ्लॉपी त्या काळी जशी गावोगाव हिंडायची, तशीच हिंडत आमच्या घरी आली. पावती वगैरे काही नाही. "म्हणजे अतिक्रमण," भाऊसाहेब म्हणाले. मग जरा विचार करून, "पण वीस वर्षांवर वहिवाट आहे." गंमत बघा, ज्याचे पैसे मोजले त्याचा कब्जा नाही, आणि ज्याची पावती नाही तो घरात ठाण मांडून बसलाय.

दिवाळीत नातू आला तेव्हा ते धूड खाली उतरवलं. तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झालं. खेळाच्या शेवटी पराक्रमी लोकांची यादी राहते. तीत एकच नाव होतं, चिंगी. तीन मिनिटं शिल्लक. २००३ साली, दहा वर्षांची असताना, माझ्या लेकीने राजकन्या सोडवली होती. सासरच्या कागदांवर तिचं हे नाव कुठेच नाही.

"ही चिंगी कोण?" नातवाने विचारलं.

"तुझी आई."

तो बराच वेळ त्या नावाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, हा डबा मी पुण्याला नेऊ?"

दारात उभ्या असलेल्या भाऊसाहेबांनी खिशातलं पेन काढलं, हवेतच सही केली आणि म्हणाले, "वारस नोंद मंजूर."