दाखला नसला तरी

दिवाळी सरली की संगमनेर, राहुरी, कोपरगाव पट्ट्यात साखर कारखान्यांच्या आसपास कोप्या पडतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आणि शेजारच्या बीडमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मी प्रवरेच्या काठच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. गळीत सुरू झाले की मुले शोधायला आम्ही त्यांच्या तळावर संध्याकाळीच जायचो, कारण दिवसभर मोठी माणसे फडात असतात.

2023च्या हंगामात तिथे तिसरीतली एक मुलगी भेटली. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, पिशवीत पुस्तकाचा दुसरा भाग. त्या वर्षी राज्याने पाठ्यपुस्तकांचे चार भाग केले होते; तिचे पुढचे दोन गावीच राहिले होते. जवळच्या एका शाळेने तिला ‘आधी दाखला आणा’ म्हणून परत पाठवले होते. आई म्हणाली, “बाई, दाखल्यापायी गावी कोण जाणार? खाडा पडला तर उचल कशी फिटायची?”

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे त्याच्या कलम 5 मध्ये स्पष्ट लिहिले आहे. कलम 9 त्याही पुढे जाते: स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी ते स्थानिक प्राधिकरणावर टाकते. म्हणजे या आईने दारोदार फिरायचेच नव्हते.

मुलीला आमच्या वर्गात घ्यायचे म्हणून मी तिच्या गावच्या गुरुजींना फोन केला. ते आधी घाबरले. “नाव तेवढं कमी करू नका, बाई. संचमान्यतेत पट घसरला तर इथलं पद जाईल.” त्यांची भीती खरी होती. छोट्या शाळेत चार-पाच नावे गेली तरी एक शिक्षक जातो आणि मागे राहिलेली मुले उघडी पडतात. वाट काढली ती शिक्षण हमी पत्राने. नाव गावच्या पटावर राहते, मूल आमच्या वर्गात शिकते आणि परत जाताना प्रगतीची नोंद सोबत नेते. गुरुजींनी पत्र भरून मोबाइलवर पाठवले. पुस्तके मात्र पटाप्रमाणे येतात, त्यामुळे तिसरा भाग तिला शेजारणीबरोबर वाचावा लागला.

तळावरच्या साखरशाळा बऱ्या की मुलांना मागे ठेवणारी गावातली हंगामी वसतिगृहे, हा वाद मी बैठकांत खूप ऐकला आहे. अभ्यास अखंड चालावा म्हणून मी वसतिगृहाच्या बाजूची. पण वयात येऊ लागलेल्या मुलीला मागे ठेवायला आई-बाप धजत नाहीत, आणि लहानग्याला सांभाळायला तीच लागते.

त्या तिसरीतल्या मुलीचेही तसेच होते. वर्गात बसू लागली तरी ती दोन दिवस आली की तिसऱ्या दिवशी गैरहजर. पहाटे आई-बाप फडात गेले की भाऊ तिच्या अंगावर. शेवटी मी तिला सांगितले, “त्यालाही घेऊन ये.” तो फळ्याखाली सतरंजीवर बसायचा, भूक लागली की रडायचा, मग ती पाढा अर्धा सोडून त्याला बाहेर न्यायची. वर्गाचा खोळंबा व्हायचा. तरीही मी त्याला येऊ दिले आणि आजही तेच करीन.

कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. दीड वर्षाचा भाऊ त्यात बसत नाही आणि अंगणवाडीचा वर्ग तिसऱ्या वर्षापासून. म्हणून माझी मागणी एवढीच आहे: गळिताआधी कारखान्याच्या शेतकी विभागाकडून टोळ्यांची यादी पंचायत समितीने घ्यावी, आणि प्रत्येक मोठ्या तळावर पहाटेपासून चालणारे पाळणाघर असावे.