भाड्याच्या घरातला गिझर

बंगळुरूत सर्जापूर रोडवरच्या आमच्या टू बीएचकेतला जुना भाडेकरू गेला, तेव्हा मी पुण्याहून निघण्याआधी इलेक्ट्रिशियनची वेळ घेतली. रंगारी नंतर. एजंटाचं म्हणणं उलटं: "रंग काढा साहेब, भाडं वाढेल. गिझर चालतोय, त्याला कशाला हात लावता?"

चालत होताच. पण या भागात पुष्कळ ठिकाणी बोअरवेल आणि टँकरवर भागवतात, आणि ते पाणी क्षाराचं. कॉइलवर थर चढत जातो, आतली उष्णता बाहेर पडत नाही, कॉइलचं आवरण तडकतं आणि करंट पाण्यात उतरतो. अशा वेळी अर्थिंग आणि आरसीसीबी नावाचा सुरक्षा-स्विच एवढाच आधार. 30 मिलिअँपिअर गळती झाली की पुरवठा तुटायला हवा. इलेक्ट्रिशियननं आमच्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं. खटका पडलाच नाही. कॉइल बाहेर काढली, तर चुनखडीच्या दगडासारखी झालेली.

दोन्ही बदलून घेतलं, अर्थिंगची वायर नव्यानं ओढली. खर्च 18,000. घराची आजची किंमत साधारण 80 लाख, भाडं महिना 25,000. म्हणजे वर्षाला पावणेचार टक्के. बँकेतल्या ठेवीपेक्षा कमीच. या खर्चानं त्या वर्षापुरता पाव टक्काही गेला नाही. शिवाय घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर प्राप्तिकरात 30 टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्ती करा अथवा न करा. ती सवलत घ्यायची आणि कॉइल तशीच ठेवायची, हे मला मान्य नाही.

नवं जोडपं लातूरचं, सोबत लहान मुलगी. "काका, वीजबिल वाचेल, बाथरूममध्ये गॅस गिझर लावू का?" मी स्पष्ट नाही म्हणालो. कोंदट बाथरूममध्ये ज्योतीला हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंगळुरूत अशी माणसं गेली आहेत.

केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडेकरू कायद्यात वायरिंग घरमालकाकडे आहे, गिझरची दुरुस्ती मात्र भाडेकरूकडे. ही वाटणी मला पटत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस कॉइल उघडून बघणार कधी? करारात वेगळं ठरवायला तो कायदाही आडवा येत नाही. म्हणून आम्ही लिहून घेतलं: गिझरची वार्षिक तपासणी आणि खर्च माझा, गॅस गिझर लावायचा नाही, आणि महिन्यातून एकदा आरसीसीबीचं बटण त्यांनी दाबून बघायचं, खटका पडला नाही तर त्याच दिवशी मला फोन.