गिरणीचा भोंगा आणि आपा

ईदच्या दिवशी जोहरच्या नमाजनंतर आम्ही चारी भावंडं आपाच्या घरी जमतो. शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या की बोलणं आपोआप जुन्या सोलापूरवर येतं. आमची मुलं मोबाइलमधून मान वर काढून हसतात, "झालं यांचं सुरू!"

आमचं लहानपण पाच्छा पेठेत गेलं. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. घरात दखनी, शाळेत उर्दू, दुकानात मराठी, शेजारी तेलुगू आणि पलीकडच्या गल्लीत कन्नड. या साऱ्या भाषा कोणी आम्हाला शिकवल्या नाहीत, खेळता खेळता आल्या. शेजारच्या अम्मांच्या घरी हातमाग होता. त्याची खटखट ऐकत आम्ही झोपायचो. त्यांच्याकडे सण असला की आमच्याकडे ताट यायचं आणि ईदला आमचा डबा त्यांच्याकडे जायचा.

घड्याळ असून नसल्यासारखंच होतं. वेळ कळायची ती गिरणीच्या भोंग्यावरून. अब्बा साचेखात्यात होते. भोंगा झाला की अम्मी डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी बांधायची. पाळी सुटली की आम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचो. अब्बांच्या केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू असायचे. ते सायकलवरून उतरायचे आणि आम्ही दांडीवर बसण्यासाठी भांडायचो.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरायची. अब्बा आम्हाला होम मैदानावर घेऊन जायचे. उंच नंदीध्वज पेलत जाणारी माणसं, पाळणे, रात्रीचं शोभेचं दारूकाम हे सारं आम्ही तोंड उघडं ठेवून पाहायचो. येताना हुतात्मा चौकात ते थांबायचे आणि दरवर्षी तेच सांगायचे, की १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन हे आपल्या गावचे चौघे येरवड्यात एकाच दिवशी फासावर गेले. "चौघांची नावं एका दमात घ्यायची," असं ते म्हणायचे. आम्हीही आता वर्गात ती तशीच घ्यायला लावतो.

रमजानमध्ये सहरीला उठवणाऱ्याची हाक, नळाला रात्री-अपरात्री येणारं पाणी, घागरींची रांग, भाड्याची सायकल... आमची यादी संपत नाही. गेल्या ईदलाही ती संपत नव्हती. भाई म्हणाला, "काय दिवस होते! पैसा नव्हता, पण कशाची कमी नव्हती."

आपा वाट्या गोळा करत होती. मागे न वळता ती म्हणाली, "तुमको कमी नहीं थी. मेरा बचपन तो उस भोंगे के साथच बंद हुआ."

खोलीत एकदम शांतता पसरली.

नव्वदच्या दशकात अब्बांची गिरणी बंद पडली. सुरुवातीला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत सुरू होईल. अब्बा कित्येक दिवस भोंग्याच्या वेळी उठून बसायचे. हक्काचे पैसे मिळायला वर्षं लागली आणि तेही पुरे मिळाले नाहीत. आपा तेव्हा दहावीत होती, वर्गात पहिल्या तिघींत. एके सकाळी ती शाळेत गेली नाही. अम्मीसोबत सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसली. कोणी तिला बस म्हणालं नाही. तसं कोणी ऊठही म्हणालं नाही.

आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे. आम्हाला एवढंच आठवतं, की तिची कंपासपेटी आम्हाला मिळाली आणि आम्हाला आनंद झाला.

पुढची कित्येक वर्षं संध्याकाळचं दृश्य तेच. भिजवलेल्या पानांचा आणि तंबाखूचा वास, कात्रीचा आवाज, बल्बखाली आम्ही तिघं मोठ्यानं वाचतोय आणि आपाची बोटं चालताहेत. मध्येच ती म्हणायची, "पुन्हा वाच, चुकलं." आमचे धडे ऐकून ऐकून तिला पाठ झाले होते. कारखान्यात विड्या छाटात निघाल्या की त्या दिवशी ती जेवताना गप्प असायची. आमच्या बी.एड.ची फी भरायची होती, त्या महिन्यात तिच्या भिशीचा नंबर लागला. ती रक्कम तिच्या लग्नासाठी होती. हे आम्हाला फार नंतर कळलं. खरं सांगायचं तर आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

आम्ही शाळेत दरवर्षी मुलांना सांगतो, की आपल्या नबींवर उतरलेला पहिला आदेश वाचण्याचा होता आणि इल्म शिकणं स्त्री-पुरुष दोघांवर बंधनकारक आहे. मुलींची शाळा सुटू नये म्हणून पालकांच्या घरी जाऊन विनवण्या करतो. एकच घर राहून गेलं होतं, आमचं स्वतःचं.

त्या रात्री आम्ही तिघं बराच वेळ बोललो. जुने दिवस सुंदर होते, यात खोटं काही नाही. पण त्यांची किंमत कोणीतरी मोजली होती, म्हणून ते आमच्यासाठी सुंदर राहिले. आठवणी काढताना आम्ही तिचं नाव कधी त्यात घेतलं नाही. ती आमच्या गोष्टीत वाट्या उचलणारी होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तिच्याकडे गेलो. आधी माफी मागितली. ती म्हणाली, "अल्लाह के वास्ते बस करो, मेरे ही तो भाई-बहन हो." मग आम्ही १७ नंबरच्या फॉर्मबद्दल सांगितलं, की बाहेरून बसून दहावी देता येते, वयाची आडकाठी नाही, शिकवायला आम्ही आहोत. ती खूप हसली. या वयात? नातवंडं काय म्हणतील? आणि डोळ्यांना आता जवळचं दिसत नाही.

आम्ही जास्त ताणलं नाही. चहा झाला, चपला घातल्या, दारापर्यंत आलो. तेव्हा मागून तिचा आवाज आला, "का रे, बीजगणित आणि भूमितीचे पेपर अजून वेगवेगळेच असतात का?"

घरी येऊन आम्ही जुनी पेटी उघडली. कंपासपेटीवरचा रंग उडाला आहे, पण आतलं कंपास अजून नीट चालतं. पुढच्या जुम्म्याला ती घेऊन जाणार आहोत, इन्शाअल्लाह.