मेंढीची धाप

मेचा दुसरा आठवडा, दुपारचे पावणेदोन. ताथवड्यात आमच्या सोसायटीच्या मागे पत्रे ठोकलेला एक मोकळा प्लॉट आहे. गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेले आणि खाली पाहिलं, तर मेंढरं. शंभर-सव्वाशे असावीत. त्या दिवसांत पुण्यात सूर्य अगदी माथ्यावरून जातो, शून्य सावलीचा दिवस याच सुमारास येतो. त्यामुळे शेजारच्या अर्धवट टॉवरची सावली म्हणजे जेमतेम एक पट्टी होती. तेवढ्या पट्टीत सगळा कळप एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी खुपसून उभा होता. एकही मेंढी चरत नव्हती, एकही बसलेली नव्हती.

मी पशुवैद्य. पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण थर्मामीटर अजून घरात असतो. तो घेतला आणि खाली उतरले.

मेंढीची धाप मोजायची तर तोंडाकडे बघायचं नाही, कुशीकडे बघायचं. शेवटच्या बरगडीमागचा खळगा किती वेळा हलतो ते पंधरा सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं. सावलीत निवांत रवंथ करणाऱ्या मेंढीचा श्वास मिनिटाला वीस-तीस असतो. मी पहिल्या मेंढीचा मोजला तो 41, म्हणजे मिनिटाला 164. ताप 105.4 फॅरनहाइट. मेंढीचं नेहमीचं तापमान 102 ते 103 च्या आसपास असतं, माणसापेक्षा जास्तच. पण 105 च्या पुढे गेलेली मेंढी संकटात असते.

कळपाबरोबर एक म्हातारे आबा आणि त्यांची सून होती. कोकण उतरून, मावळातून घाट-माळ करत परतीच्या वाटेला लागलेलं बिऱ्हाड. घोडी पुढं गेली होती. "पुलाखाली आडकलो, ताई," सून म्हणाली. "आकरा वाजल्यापास्नं गाड्या सोडंनात. मेंढरं डांबरावं उभी." हायवेखालच्या त्या बोगद्यात आम्ही मोटारीत एसी लावून वैतागतो. ही जनावरं तिथं तापलेल्या डांबरावर, इंजिनांच्या धगीत दोन तास उभी होती.

एका काळ्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवला तर लोकरीची टोकं तव्यासारखी पोळत होती. बोटांनी लोकर विंचरून खाली कातडीला हात लावला, तिथं नुसतं कोमट. दख्खनी मेंढीची ही राठ काळी लोकर, जिची घोंगडी होते, ती उन्हातही तिची छत्रीच असते. ऊन वरच्या टोकांवरच अडतं. म्हणून ऐन मे महिन्यात मेंढी कातरून उन्हात सोडणं हा तिच्यावर उपकार नाही. पण त्या लोकरीमुळे घामाचा फारसा उपयोग होत नाही. उष्णता बाहेर टाकायचा तिचा मोठा मार्ग एकच, धाप.

या धापेचं मला आयुष्यभर नवल वाटत आलंय. आधी मेंढी तोंड मिटून, नाकानं, उथळ आणि भरभर श्वास घेते. नाकातला ओलावा उडतो, तिथलं रक्त थंड होतं. ते थंड रक्त मेंदूच्या तळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्याजवळून जातं आणि मेंदूकडे निघालेल्या गरम रक्ताला निववतं. अंग तापलं तरी मेंदू थोडा थंड ठेवायची ही सोय. ती पुरेनाशी झाली की मेंढी तोंड उघडते, जीभ बाहेर काढते, आणि श्वास उलट सावकाश पण खोल होतो. बघणाऱ्याला वाटतं, धाप कमी झाली, बरं झालं. खरं तर तिथून पुढे धोका असतो.

कळपात तशा तीन मेंढ्या होत्या. एकीचा ताप 106.6.

तो आकडा पाहिला आणि मला पुरंदर आठवला. नोकरीचं दुसरं वर्ष, एप्रिलची दुपार, एका मेंढपाळाची गाभण मेंढी, ताप 106. मी तापाचं इंजेक्शन दिलं आणि सायकलवर टांग टाकून पुढच्या गावाला गेले. संध्याकाळी मेंढी मेली. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेलं सगळं डोक्यात होतं, पण त्या दुपारी हाताशी आलं नाही. आजारातल्या तापात मेंदूच अंगाच्या उष्णतेची रेघ वर सरकवतो, औषध ती रेघ खाली आणतं. उन्हानं तापलेल्या जनावरात रेघ जागच्या जागीच असते. अंग तिच्या वर गेलेलं असतं, कारण आत साठलेली उष्णता बाहेर पडत नाही. तिथं इंजेक्शनचा काही उपयोग नाही. सावली, पाणी आणि वारा, एवढंच औषध. ते मी दिलं नाही. त्या मेंढपाळाचा चेहरा मला आजही दिसतो.

म्हणून या वेळी धावपळ केली. सोसायटीत टँकरचं पाणी, तरी वॉचमननं पाइप काढून दिला, दोघीतिघींनी घमेली आणि प्लॅस्टिकचे टब आणले. मी आबांना म्हटलं, पाठीवर पाणी ओतू नका, लोकर वरून भिजून उपयोग नाही. पोट, जांघा, पाय, जिथं लोकर नाही तिथं ओता. ते हसले. "त्ये आमाला ठावं हाय, बाई. पानी कुठनं आनायचं?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या एक काकू मोठ्या मायेनं शिळ्या पोळ्या आणि भाताचं पातेलं घेऊन आल्या. सून पातेल्याच्या आडवी उभी राहिली. "नगा, काकू. दम लागल्याल्या जित्राबाला दाना नगं. फुगून मरतंय."

तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. ती जे म्हणाली ते मी पाच वर्षं शिकून परीक्षेत लिहिलं होतं. मेंढीचं पोट म्हणजे एक आंबवणाची कोठी. चारा आत आंबतो, त्यातून ताकद मिळते आणि उष्णताही निघते. म्हणून ऊन चढलं की मेंढी आधी खाणं कमी करते. ही चूल विझवायची तिची रीत आहे. थायरॉइडची संप्रेरकं उतरतात, शरीर सगळा खर्च मंद करतं. कॉर्टिसॉल मात्र वाढतं. वाढ, दूध, लोकर, सगळं मागं पडतं. मेंढपाळ म्हणतो "मेंढरं गळाटली", ती ही अवस्था. शिवाय धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. रक्ताचा तोल सावरायला शरीर लघवीवाटे खार टाकून देतं, तोंडातून लाळ गळते तिच्याबरोबरही तो जातो. पोटातला आंबटपणा सावरणारा खार तोच. अशा वेळी भात-पोळी पोटात गेली तर आंबटपणा एकदम चढतो. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पातेलं घरी नेलं आणि पाण्याच्या दोन बादल्या आणल्या.

राजस्थानात अविकानगरच्या मेंढी संशोधन संस्थेत मालपुरा जातीच्या मेंढ्यांवर अभ्यास झाला आहे. ऊन, उपासमार आणि चाल ही तिन्ही संकटं एकत्र आली की मेंढीवरचा भार एकट्या उन्हापेक्षा कितीतरी वाढतो, हे तिथं मोजलं गेलं. आमच्या मागच्या प्लॉटवर ती तिन्ही एकत्र उभी होती. धनगर हे टाळायचं शास्त्र पिढ्यान् पिढ्या पाळत आलेत. पहाटे चालायचं, दुपारी बाभळीखाली मेंढरं उभी करायची, चांदण्यात चारायचं. आबा सांगत होते, पूर्वी ताथवडे-पुनावळ्याचे शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवायला बोलवायचे, वर धान्य द्यायचे. आता वाटेत वावर नाही, बाभूळ नाही. दिवसभर साठलेली उष्णता मेंढी रात्री गार हवेत सोडते. काँक्रीटच्या भिंती मात्र रात्रीही धग सोडत राहतात, मग तिनं ती कुठं सोडायची?

संध्याकाळी साडेसातला पुन्हा थर्मामीटर लावला. पहिली मेंढी 103, श्वास 56. तोंड उघडलेल्या तिघींपैकी एकीचा ताप 103.8, पण ती खात नव्हती. अंधारात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून कळप आत घेतला. मी आबांशी मेंढ्याबद्दल बोलले, म्हणजे नराबद्दल. आज तापलेल्या नराचं बीज सहा-सात आठवडे कमजोर राहतं. आषाढात मेंढ्या पुन्हा पुन्हा उलटल्या, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आल्या, तर मेंढीला दोष देऊ नका, आजची दुपार आठवा. त्यांनी मान हलवली. "म्हंजी आजच्या उनाचं पैसं दिवाळीत कापनार," ते म्हणाले. मेंढी पाच महिने गाभण राहते, त्यांचा हिशोब बरोबर होता.

पहाटे चारला जाग आली तेव्हा प्लॉट रिकामा होता. लेंड्या, ओली माती आणि आमचे टब भिंतीला नीट पालथे घातलेले.

ताथवडे, पुनावळे, मारुंजी, जांबे भागात राहणाऱ्यांना एवढंच सांगायचंय. एप्रिल-मेच्या दुपारी तुमच्या भिंतीच्या सावलीला मेंढरं उभी राहिली तर वॉचमनला हाकलायला पाठवू नका. खायला काही टाकू नका. टबात पाणी भरून सावलीत ठेवा, आणि ऊन उतरेपर्यंत, पाच वाजेपर्यंत, त्यांना तिथंच उभं राहू द्या.