आईच्या ओव्या

आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची १९८० सालची कॅसेट निवृत्तीनंतर मी संगणकावर उतरवून घेतली. खरखर काढण्यासाठी दोन विनामूल्य प्रणाली पडताळल्या. ‘ओसेनऑडिओ’ लगेच उमगली; ‘ऑडॅसिटी’ कळायला दोन दिवस लागले. नुसत्या खरखरीचा तुकडा नमुन्यादाखल निवडला, की ती संपूर्ण ध्वनिमुद्रणातून तशीच खरखर कमी करते. उत्साहाच्या भरात मी मात्रा फार वाढवली. जात्याची घरघर आणि आईचा श्वासही गेला. ओव्या उरल्या, आई हरवली. सुदैवाने केलेला बदल मागे घेता आला. शासकीय सेवेत फायलींवर लिहिलेले काही शेरे असे मागे घेता आले नाहीत. म्हणून नवशिक्याने प्रथम हीच सोय पाहावी. थोडी खरखर मी राहू दिली आहे.