हवेतलं अंतर

धामणकर नाक्यावर कोणाला अंतर विचारा, तो किलोमीटर सांगत नाही, वेळ सांगतो. कल्याण इथून दहा-बारा किलोमीटर. पण मालाच्या ट्रकांची रांग लागली की तेवढ्याला दीड तास. आम्ही गावाकडून भाजीच्या पाट्या घेऊन नाक्यावर यायचो, तेव्हापासून हाच हिशोब.

माझा मुलगा गोंदियाला भाताच्या गिरणीत कामाला. मुलगी दिली परुळ्याला, वेंगुर्ले तालुक्यात. महाराष्ट्राची ही दोन टोकं. तिकडं धान म्हणतात, इकडं भात; चिखल सारखाच. दोघांच्याही जवळ विमानतळ आहे. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी महायुद्धात, १९४० साली केलेली; प्रवासी विमान तिथून सुरू झालं २०२२ ला. परुळ्याशेजारी चिपीचा विमानतळ सुरू झाला ९ ऑक्टोबर २०२१ ला. तेव्हा मुलगी फोनवर हसून म्हणाली होती, "बाबा, आता दादा माझ्या परसात उतरंल."

पुढं एका मंगळवारी रात्री जावई अचानक गेले. आम्ही दोघं तशीच गाडी करून निघालो. मुलगी एकच विचारत होती, "दादा कधी येतोय?"

मुलाने मोबाईलमध्ये बघितलं. बिरसी ते चिपी, सरळ रेषेत सुमारे ९४० किलोमीटर. लहान विमान तासाला पाचशेच्या आसपास जातं, म्हणजे चढणं-उतरणं धरून दोन-सव्वादोन तास. गणित बरोबर होतं. फक्त त्या रेषेवर विमान नव्हतं.

आमच्या गावातून शेजारच्या गावाला तरी थेट एस. टी. कुठं आहे? आधी भिवंडी डेपोत यायचं, मग दुसरी गाडी. विमानाचंही तसंच. लहान गावाचं विमान मोठ्या शहराला जातं. सत्तर खुर्च्यांचं विमान गोंदियाहून चिपीला भरायचं कोणी? सरकारने २०१६ साली उडान योजना काढली, अशा मार्गांचा तोटा भरून द्यायला. पण तो तीन वर्षांपुरता. मोठ्या शहरात उतरून दुसरं विमान घ्यावं, तर ते त्या दिवशी मिळेना.

बुधवारी दुपारी मुलगा रेल्वेत बसला. गोंदिया ते मुंबई ९६७ किलोमीटर. गुरुवारी पहाटे कल्याणला उतरला, तिथून पनवेल, मग कोकण रेल्वेनं कुडाळ, पुढं रिक्षा. परुळ्याला पोचला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. घरातून निघाल्यापासून बत्तीस तास. बुधवारी सकाळीच सगळं उरकलं होतं. त्याच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी राख सावडणं आलं. बहीण त्याला काही बोलली नाही. पाय धुवायला पाणी दिलं आणि शेजारी बसून राहिली.

विमानतळ नको असं मी म्हणणार नाही. आमच्या भातखाचरांवर गोदामं उभी राहिली, तसा काळ पुढं जाणारच. पण लांब दिलेल्या लेकीचं अंतर उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजायचं असतं, धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत नाही. आता आमच्या घरी कॅलेंडरच्या पाठीमागं गोंदियाच्या आणि कुडाळच्या गाड्यांच्या वेळा पेन्सिलीनं लिहिलेल्या आहेत. वेळा बदलल्या की बायको खोडते आणि नवीन लिहिते.