पाणवठ्यावरचे पाहुणे

नामिबियात मोटारी आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, हे कळल्यावर माझा अर्धा धीर परत आला. इटोशाच्या अभयारण्यात शिरताना तो पुन्हा गेला. तिथे दोन गोष्टी बजावून सांगतात: ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही, आणि सूर्यास्ताला मुक्कामाचे फाटक बंद होते.

इटोशा म्हणजे एका आटलेल्या खाऱ्या सरोवराचा पांढराफटक तळ, सुमारे 4,800 चौरस किलोमीटरांचा. जर्मन अमदानीत, 1907 साली, हा मुलूख वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवला गेला. जावे ते मे ते ऑक्टोबर या कोरड्या दिवसांत. रानातली डबकी आटतात आणि सारे रान उरलेल्या झऱ्यांवर लोटते. आपल्याकडे उन्हाळ्यात नळावर लोटते तसेच. नवखी मंडळी सिंहाच्या शोधात दिवसभर धुरळा उडवीत हिंडतात. माझे मत विचाराल, तर इंजिन बंद करून एकाच पाणवठ्याशी दोन तास बसावे. आधी स्प्रिंगबॉक हरणे आली, मग झेब्रे, मग जिराफ. जिराफाचे पाणी पिणे हा एक सोहळाच! पुढचे पाय फाकवायचे, मान वाकवायची, संशय आला की पुन्हा ताठ उभे राहायचे. त्याचे ओठ पाण्याला लागेतो आमचा थर्मास रिकामा झाला.

परतताना वळणावर हत्ती! पांढऱ्या चिखलाने माखलेले सात-आठ, मध्ये एक पिल्लू. मुक्काम सहा किलोमीटर दूर, सूर्यास्ताला वीस मिनिटे, आणि वेगाची मर्यादा ताशी साठ. भोंगा वाजवणे म्हणजे संकटाला बोलावणे. मी गाडी हलकेच मागे घेऊन थांबलो. मागे मुले चिडीचूप. सौ. घड्याळाकडे बघेना, हत्तींकडेही बघेना. थोरल्या हत्तिणीने कान पसरून आम्हांला एकवार न्याहाळले, पिल्लाला सोंडेने पुढे सारले आणि कळप सावकाश झुडपांत नेला. बारा मिनिटे गेली होती. फाटक गाठले तेव्हा रखवालदार कडीला हात घालून उभाच होता.

ओकाउकुएजोच्या मुक्कामी गाडीच्या टपावर तंबू उघडला, शेगडीवर खिचडी टाकली. इथल्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. बुटक्या दगडी भिंतीअलीकडे कोंडलेली माणसे, पलीकडे मोकळी जनावरे. नऊच्या सुमारास काळा गेंडा आला.

"बाबा, त्याला आपण दिसतो का?" धाकटीने कानात विचारले.

गेंड्याची नजर अधू, पण नाक मोठे तिखट. फोडणीचा वास त्याला खचित आला असावा.